स्पाइक नर, तेरा इंचांचा नियम आणि ‘खराब रक्ता’ची गोष्ट

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुलाही कळेल. ह्यूस्टनहून तू ऑफिसातल्या मित्रांबरोबर फेयेट काउंटीतल्या एका लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहेस. नियम वाचलेस. नराचं निदान एक शिंग बिनफाट्याचं असेल तर तो मारता येतो, किंवा दोन शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच वा जास्त असेल तर मारता येतो. या दोन्हींच्या मधल्याला हात लावायचा नाही. तुला हे सगळं उलटंच वाटलं. सगळ्यात लहान चालतो, सगळ्यात मोठा चालतो, मग मधल्यालाच अभय का? त्यात लीजवरच्या जुन्या मंडळींनी स्पाइकबद्दल, म्हणजे बिनफाट्याच्या सरळ शिंगांच्या नराबद्दल, ऐकवलं, ‘स्पाइक दिसला की उडव, त्याचं रक्तच खराब, तो जन्मात चांगली शिंगं काढणार नाही.’ हे खरं का, असं विचारतोयस.

मी मूळची आटपाडीकडची. परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकले आणि गेली २२ वर्षं टेक्सासच्या हिल कंट्रीत जनावरांची डॉक्टर आहे. गायी, घोडे, शेळ्या हा माझा धंदा. पण नोव्हेंबर ते जानेवारी इथल्या रँचवाल्यांना हरणांखेरीज दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे मारलेल्या नरांचे जबडे बघून वय सांगणं हेही आपोआप माझ्याकडे आलं. स्वतः शिकारही करते, आणि ज्या नियमाबद्दल तू विचारतोयस तो मी एकदा मोडलाय. ते पुढे येईलच.

तर नियम बरोबर आहे, म्हातारे अर्धेच बरोबर आहेत, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी वाटतो तेवढा संबंध नाही.

आपल्या भाषेत बैलालाही शिंग आणि सांबरालाही शिंग, त्यामुळे मुळातच एक घोळ होतो. बैलाचं किंवा काळविटाचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर बसवलेली, नखाच्या जातीची टोपी. ती जन्मभर वाढते, आणि मोडली तर पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. चितळ, सांबर आणि तू ज्याच्या शिकारीला जाणार आहेस ते इथलं हरीण, व्हाइटटेल, यांचं शिंग हे अख्खं हाड असतं. ते गळतं आणि नवं येतं. छातीत कफ झाला की आजी सहाणेवर साबरशिंग उगाळून लेप द्यायची आठवतं? ते हे हाड. (आता ते भारतात बाळगणंही गुन्हा आहे. मेळघाटात रस्त्याकडेला पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही.)

व्हाइटटेलमध्ये हे सगळं दिवसाच्या लांबीवर चालतं. वसंतात दिवस मोठा व्हायला लागला की कपाळावरच्या दोन खुंटांवर मखमली कातडीखाली वाढ सुरू होते. ऑगस्टअखेरीला टेस्टोस्टेरॉन चढतं, शिंगाचा रक्तपुरवठा बंद होतो, नर ती मखमल झाडाच्या बुंध्यावर घासून सोलून काढतो, आणि खाली टणक, पिवळट हाड उरतं. माजाचा हंगाम संपून हॉर्मोन उतरलं की शिंगं गळून पडतात. एखादा नर तारेच्या कुंपणात अडकून खच्ची झाला, तर त्याची मखमल सुटत नाही आणि शिंगंही गळत नाहीत, नुसती निवडुंगासारखी गाठीगाठीने वाढत राहतात. इथे त्याला ‘कॅक्टस बक’ म्हणतात. असा एक मी पाहिलाय, फार केविलवाणा दिसतो.

जन्मल्या वर्षी नर पिल्लाला कपाळावर कातडीखाली नुसत्या दोन गाठी येतात, तो ‘बटन बक’. पहिली खरी शिंगं पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरात तो साधारण दीड वर्षाचा असताना दिसतात. ती फाटे न फुटता सरळ सुळ्यांसारखी आली तर तो स्पाइक. आपल्याकडच्या बैलबाजाराच्या भाषेत सांगायचं तर स्पाइक बहुतेक वेळा आदत (अजून दुधाच्या दातांचा) असतो, दुसा-चौसा (दोन-चार पक्के दात आलेला) नव्हे.

आता शब्दांकडे ये, कारण निम्मं भांडण शब्दांचं आहे. टेक्सासच्या नियमात ‘टोक’ कशाला म्हणायचं? मुख्य दांड्यापासून किंवा दुसऱ्या फाट्यापासून निदान एक इंच बाहेर आलेलं असेल, तर ते टोक. खुद्द दांड्याचा शेवट हेही एक टोक. ज्या शिंगाला एकापेक्षा जास्त टोक नाही ते बिनफाट्याचं. म्हणजे पाऊण इंचाचा कोंब आलेलं शिंग कायद्याने अजून बिनफाट्याचंच, आणि एक इंचाचा कोंब आला की ते फाट्याचं. नियमात दोन्ही शिंगं बिनफाट्याची हवीत असंही कुठे नाही. एका बाजूला नुसता सुळा आणि दुसऱ्या बाजूला पाच टोकं, असा साडेपाच वर्षांचा थोराड नर समोर आला तरी तो मारता येतो. असे नर असतात. मागच्या पायाला जबर दुखापत झाली की बऱ्याचदा उलट बाजूचं शिंग वेडंवाकडं किंवा खुरटं येतं. त्याला तू स्पाइक म्हणणार नाहीस, मीही म्हणणार नाही, पण पुस्तकातली अट तो पुरी करतो.

व्याख्या राज्यागणिक कशा बदलतात त्याची एक गंमत बघ. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांचे सुळे असलेला एक आदत नर घे. न्यूयॉर्कात किमान एक शिंग ३ इंच असल्याशिवाय नराला ‘शिंगवाला’ म्हणत नाहीत, म्हणून तिथे हा गडी कायद्याने माद्यांच्या आणि पिल्लांच्या खात्यात जातो. पेनसिल्व्हेनियातही तीच तीन इंचांची रेघ. ओहायो, विस्कॉन्सिन, मिशिगन, तिथेही तीन इंच. जॉर्जियात शिंग केसांच्या वर दिसलं की झालं, तो नर. टेक्सासात टणक शिंग कातडी फोडून बाहेर आलं की नर, मग ते अर्ध्या इंचाचं का असेना. जनावर एकच, पण राज्याची हद्द ओलांडली की त्याच्यावर वेगळाच टॅग लागतो. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राने सांगितलेला नियम इथे वापरू नकोस. ‘तीन इंचांखाली असेल तर मादीत धर’ हा सल्ला टेक्सासात थेट चलान फाडतो.

टोकं मोजायच्याही दोन तऱ्हा आहेत. पूर्वेकडे आणि दक्षिणेत दोन्ही बाजूंची मिळून मोजतात, ‘एट पॉइंटर’. पश्चिमेकडे एकाच बाजूची सांगतात, तोच नर तिथे ‘फोर बाय फोर’, नाहीतर नुसता फोर पॉइंटर. आपला बारशिंगा पूर्वेच्या पद्धतीचा, नावातच दोन्ही बाजूंची बेरीज करून ठेवलीय. मोजमापाच्या स्पर्धेचं गणित आणखी निराळं. १८८७ साली थिओडोर रूझवेल्टने काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या हिशेबात टोक निदान एक इंच लांब तर हवंच, शिवाय रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी. आणि लीजवरच्या ट्रकमागे चालणारी चौथी पद्धत म्हणजे ‘अंगठी अडकली की टोक’. ती गप्पांपुरती. अंगठी पाव इंचाच्या खुंटावरही अडकते.

आता तेरा इंच. २००२ साली टेक्सासच्या वन्यजीव खात्याने ऑस्टिन, कोलोराडो, फेयेट, लव्हाका, ली आणि वॉशिंग्टन या सहा काउंट्यांत हा नियम आणला. आज तो शंभरावर काउंट्यांत आहे. या भागात जमिनीचे तुकडे लहान आणि बंदुका भरपूर. शिंगं दिसली की बार, अशी रीत होती, त्यामुळे नर दीड वर्षाचा झाला की बहुधा संपायचाच. मोठा नर उरायचाच नाही. शिंगं मोठी होण्यात पहिलं काम वयाचं असतं. पाच-सहा वर्षांशिवाय नर आपल्या पुऱ्या ताकदीची शिंगं काढत नाही. दीड वर्षाच्याला मारत राहिलं तर रक्त सोन्याचं असलं तरी ते कुणाला दिसणार नाही. म्हणून कोवळ्यांना दोन-तीन वर्षं जगू द्यायची सोय करायची होती.

ती सोय टोकं मोजूनही करता आली असती. पेनसिल्व्हेनियाने त्याच २००२ सालात तेच केलं, राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूला किमान तीन टोकं. पण मिसिसिपीने १९९५ पासून एकंदर चार टोकांचा नियम चालवून पाहिला होता, आणि तिथल्या विद्यापीठातल्या हरणांच्या अभ्यासकांना काही वर्षांनी उलटाच परिणाम दिसला. दीड वर्षातच चार-सहा टोकं काढणारा चांगला वाढीचा नर नियमात बसायचा, म्हणून तो मरायचा. सुळ्यावर राहिलेला वाचायचा. चाळणीतून चांगला दाणा गळून गेला आणि खडे वर राहिले. पुढच्या वयाच्या नरांची शिंगं आधीपेक्षा लहान दिसायला लागली. मग त्यांनी टोकं सोडून शिंगांमधली रुंदी आणि मुख्य दांड्याची लांबी धरली.

रुंदी वयाशी जास्त इमानदार असते. या भागातल्या नराने कान टवकारून तुझ्याकडे बघितलं की एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंत साधारण १३ इंच भरतात. शिंगाचा दांडा आतल्या बाजूने कानाच्या टोकापलीकडे गेला असेल तर तो मारायच्या हिशेबात. दीड वर्षाचा नर तिथवर सहसा पोचत नाही, साडेतीन वर्षांचा बहुधा पोचतो. (ही कानाची फूटपट्टी इथली. उत्तरेत जनावर अंगाने मोठं, कानही मोठे, तिथे ती चालत नाही.) आणि मग स्पाइकला अभय का दिलं नाही? कारण या काउंट्यांत दीड वर्षांच्या बऱ्याच नरांना दोन्हीकडे फाटे फुटलेले असतात. त्यांना अभय मिळालं की काम झालं. सुळेवाल्यांना मारायला मोकळं ठेवलं तर तुझ्यासारख्या नवख्याला, एखाद्या पोराला, घरच्या फ्रीजरसाठी येणाऱ्याला काही मारता येतं. उलट चाळणी लागण्याची भीतीही राहत नाही, कारण इथे वाढीचाच नर वाचतो. हंगामात तुला असे दोन नर मारता येतील, पण त्यातला एकच १३ इंचांवरचा.

आता माझी चूक. नियम लागू होऊन काही वर्षं झाली होती. लव्हाका काउंटीत एका ओळखीच्यांच्या जमिनीवर संध्याकाळी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, बसले होते. फीडर (हरणांसाठी मका उधळणारं यंत्र) खडखडला, मका उडाला, दोन माद्या आल्या आणि मागून एक नर आडवा येऊन उभा राहिला. डावीकडे तीन टोकं स्पष्ट. उजवं शिंग सरळ, बारीक, एकच सुळा. म्हटलं, एक बिनफाट्याचं आहे, बसला नियमात. तो पूर्ण आडवा उभा होता आणि मी त्याचा चेहरा समोरून बघितलाच नाही. बार केला, जागेवर पडला. टॉर्च घेऊन जवळ गेले, उजव्या शिंगाच्या मुळाशी कपाळावरचे केस बाजूला केले, तर त्यात एक कोंब दडलेला. ब्राऊ टाइन. इथे कपाळालगत येणाऱ्या पहिल्या फाट्याला तसं म्हणतात. टेप लावली, सव्वा इंच. आतलं अंतर साडेनऊ. म्हणजे मधला. ज्याला हात लावायचा नाही नेमका तोच.

वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मीच फोन केला. तो आला, त्याने आपली टेप लावली, मान हलवली, चलान दिलं आणि जनावर घेऊन गेला. बोलला सभ्यपणे. घरी येताना मला दंडापेक्षा त्या पाव इंचाचा राग जास्त येत होता. तेव्हापासून आडव्या नरावर शिंगांचा निकाल लावत नाही. त्याने मान वळवून समोर बघेपर्यंत थांबायचं, दुर्बीण शिंगाच्या शेंड्यावरून मुळाकडे आणायची, आणि मुळाशी केसांत काही गडद खुंटी दिसते का ते बघायचं. नाही बघितला तर जाऊ दे. मका रोज उडतो.

आता म्हाताऱ्यांचं ‘खराब रक्त’. हे त्यांनी हवेतून काढलेलं नाही. हिल कंट्रीतच हंट गावाजवळ केर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहे. तिथे १९७० च्या दशकात कुंपणातल्या हरणांवर प्रयोग सुरू झाले. काहींना १६ टक्के प्रथिनांचा खुराक, काहींना ८ टक्के. कमी खुराकावरच्यांची शिंगं साहजिकच लहान आली. पण चांगल्या खुराकावरही काही नर पहिल्या वर्षी सुळ्यांवर राहिले, आणि असे नर मोठेपणीही सरासरीने फाटेवाल्यांच्या मागेच राहिले. वंशावळी लिहून ठेवलेल्या, बाप माहीत, आई माहीत. त्यातून निष्कर्ष निघाला की स्पाइकमध्ये रक्ताचा भाग आहे आणि स्पाइक वगळलेले बरे. टेक्सासभर ते पसरलं, आणि लीजवरचे तुझे म्हातारे तेव्हा तरुण होते.

पुढचं मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. नॅकोग्डोचेसच्या विद्यापीठातले जेम्स क्रोल आणि बेन कर्थ यांनी दक्षिण टेक्सासात मोकळ्या रानातले दीड वर्षांचे नर हेलिकॉप्टरवरून जाळं टाकून पकडले, शिंगं मोजली, कानात बिल्ले मारून सोडले आणि पुढच्या वर्षांत पुन्हा पकडले. २००८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की साडेचार वर्षांचे होईपर्यंत लहान शिंगांनी सुरुवात केलेले आणि मोठ्या शिंगांनी सुरुवात केलेले यांत सांगण्यासारखा फरक उरत नाही. सुळेवाला मागून येऊन गाठतो. केरच्याच आकड्यांवरूनही संशोधकांत बरंच घमासान झालं. पहिल्या वर्षीच्या शिंगात रक्ताचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे त्यांच्या वादाचं मूळ. मग किंग्जव्हिलच्या सीझर क्लेबर्ग संस्थेने मॅव्हरिक काउंटीतल्या कोमांचे रँचवर वर्षानुवर्षं पकडापकडी करून मुद्दाम छाटणी करून पाहिली. काही भागांत कसून, काहीत बेताने, काहीत अजिबात नाही. छाटणीने पुढच्या पिढीची शिंगं सुधारली नाहीत. कसून छाटलं तिथे नरच कमी पडायला लागले.

मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण मी खिल्लार बैलांच्या मुलखातली आहे. आमच्याकडे वळू निवडताना त्याची आई बघतात, आजी विचारतात, त्याचा एखादा भाऊ कुणाच्या दावणीला आहे ते जाऊन पाहून येतात. आणि गाय कधी, कोणत्या वळूला दाखवायची ते मालक ठरवतो. रानात यातलं काय आहे? शिंगांचं निम्मं रक्त आईकडून येतं, आणि आईला शिंगंच नसतात. कोणती हरणी उत्तम शिंगांच्या नरांची आई आहे हे तुला ब्लाइंडमधून कधीच कळणार नाही. बाप कोण, तेही नाही. मोठा दांडगा नरच सगळ्या माद्या फळवतो हा समजही खरा नाही. कोवळे नरही बाप होतात. त्यातून दीड वर्षाचे नर जन्मजागा सोडून मैलोन्‌मैल निघून जातात. तुझ्या लीजवर दिसलेला स्पाइक बहुधा शेजाऱ्याच्या जमिनीवर जन्मलेला असतो, आणि तुझ्याकडे जन्मलेला आज तिसऱ्याच कुणाच्या फीडरवर उभा असतो. एवढ्याशा जमिनीवर दोन स्पाइक मारून कुणी रक्त सुधारत असेल तर आमच्या आटपाडीच्या बाजारात दोन खोंड विकून सगळ्या माणदेशाची जात सुधारायला हवी होती. उंच कुंपणातल्या ब्रीडरांची गोष्ट वेगळी, ते खिल्लारसारखंच वंशावळीने चालतात.

मग सुळे येतात कशाने? माझ्या डोळ्यांना जे सारखं दिसतं ते सांगते. पहिलं, जन्मतारीख. हरणीचा गाभण काळ साधारण २०० दिवस. नोव्हेंबरात फळली तर मेअखेर-जूनमध्ये पिल्लू. तेव्हा नाही जमलं तर साधारण महिन्याने ती पुन्हा माजावर येते, तेव्हाही हुकलं तर आणखी महिना. जूनमध्ये जन्मलेला नर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात १७ महिन्यांचा असतो, ऑगस्टमध्ये जन्मलेला १५ महिन्यांचा. तुला मात्र दोघं एकाच दिवशी, एकाच मक्यावर दिसतात, आणि तू म्हणतोस हा चांगला, तो खराब. जूनची आणि ऑगस्टची पोरं पहिलीच्या एकाच बाकावर बसवून उंची मोजण्यासारखं आहे हे. दुसरं, आईचं दूध आणि रानातला चारा. शरीर आधी हाडं, मग मांस भरतं, आणि शिंगाला उरलंसुरलं जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडची जनावरं छावणीत होती. त्या वर्षातल्या कालवडी पुढे दोन वर्षं तरी वयापेक्षा लहान दिसत होत्या. त्यांचं रक्त छावणीत बदललं नव्हतं. इथे २०११ साली पावसाने अशी पाठ फिरवली की ऐन हिल कंट्रीत ओकची झाडं वाळली. त्या हंगामात माझ्यापुढे आलेल्या दीड वर्षांच्या नरांत सुळेवालेच जास्त होते. पाऊस झाला तशी ती गर्दी ओसरली.

म्हणून जबडा बघते. शिंगावरून वय सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही. मारलेल्या नराचा खालचा जबडा उघडून गालाकडच्या दातांत पुढून तिसरा बघायचा. तो तीन उभ्या खंडांचा, झिजलेला, शेजारच्या दातांपेक्षा मळकट दिसला तर अजून दुधाचा दात आहे. म्हणजे जनावर दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. तो पडून जागी पांढराशुभ्र, दोन खंडांचा नवा दात आला असेल तर दीड वर्ष ओलांडलेलं आहे. कधी कधी नवा दात खालून वर येत असतो आणि दुधाचा त्याच्यावर टोपीसारखा बसलेला असतो. बोटाने हलवलास तर हलतो. ‘हा चार वर्षांचा स्पाइक, याचं रक्त बघा’ म्हणून माझ्यापुढे आणलेल्या नरांत ही टोपी मी कितीदा हलवून दाखवलीय.

तू काय करशील ते सांगते. मांस हवं असेल आणि नियमात बसणारा स्पाइक समोर आला तर खुशाल मार. मांस कोवळं असतं, आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त लीजवर येऊन ‘रानाची सेवा केली’ असं सांगू नकोस. लीजवर खरंच जनावरं जास्त झाली असतील तर सुळेवाल्यापेक्षा मादी मारलेली कामाची, परवानगी असेल तेव्हा. चारा वाचतो, आणि पुढच्या वर्षी सुळे आपोआप कमी होतात. मोठा नर हवा असेल तर स्पाइकला जाऊ दे, चार वर्षांनी तो काय होईल ते त्यालाही माहीत नाही. आणखी एक. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग पसरतोय, तो थोराड नरांत जास्त सापडतो. मिसूरीने तो सापडलेल्या काउंट्यांतून टोकांची अटच काढून टाकली. तेव्हा दर हंगामाला आपल्या काउंटीचं पान नव्याने वाच.

चितळाबद्दलही सावध कर म्हणते मित्रांना. १९३२ सालापासून टेक्सासात आपलं चितळ आहे, हिल कंट्रीत तर रस्त्याकडेला कळप दिसतात. ते इथे परकं जनावर, जमीनमालकाची परवानगी असली की बारमाही मारता येतं. त्याच्या शिंगांना ऋतूचं बंधन नाही, नोव्हेंबरातही मखमलीतला चितळ दिसेल, आणि त्याचाही पहिला जोड सुळ्यांचाच असतो. तेरा इंच, एक इंच, यातलं काहीही त्याला लागू नाही. संधिप्रकाशात ठिपके दिसत नाहीत, म्हणून आधी जनावर कोणतं ते ठरवायचं, मग शिंगं मोजायची.

तू अजून व्हिसावर आहेस म्हणालास. इथल्या कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद. म्हणून मित्राची बंदूक ‘जरा धर’ म्हणूनही हातात घ्यायच्या आधी लायसन्स काढ. तुझा जन्म १९७१ नंतरचा, तेव्हा हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागेल.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी जाल तेव्हा कापडी टेप आणि दुर्बीण तेवढी आठवणीने घे. काही मिळालं तर खालचा जबडा फेकू नकोस, पिशवीत घालून बर्फात ठेव. डिसेंबरात ह्यूस्टनला एका लग्नाला येणार आहे, तेव्हा घेऊन ये, दात बघू.